संस्थापकाचा अधिकार आणि समुदायाचे ऋण

१

निर्मितीवर निर्मात्याचा अधिकार किती काळ आणि कोणत्या स्वरूपात राहतो, हा प्रश्न साहित्यविचाराला नवा नाही. संहितेचा अर्थ लेखकाच्या हेतूत शोधण्याची सवय मोडावी म्हणून रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. दोन वर्षांनी मिशेल फूको यांनी 'लेखक म्हणजे काय?' या व्याख्यानात प्रश्नाची दिशा बदलली. लेखक नाहीसा झाला असे म्हणून भागत नाही; लेखकाचे नाव कोणते कार्य करते आणि त्याच्या रिकाम्या जागी कोण येऊन बसते, हे तपासले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. याच व्याख्यानात त्यांनी मार्क्स आणि फ्रॉइड यांच्यासारख्या लेखकांचा एक स्वतंत्र वर्ग कल्पिला. हे लेखक आपल्या ग्रंथांचे कर्ते तर असतातच, पण त्यांच्यानंतर इतरांनी काय आणि कसे बोलावे याच्या शक्यताही तेच घडवतात. गॅलिलिओच्या ग्रंथाचे पुनर्वाचन केल्याने यामिकीच्या इतिहासाचे आपले ज्ञान बदलेल, यामिकी बदलणार नाही. फ्रॉइडच्या संहितेचे पुनर्वाचन मात्र मनोविश्लेषणालाच बदलू शकते. अशा परंपरा आपल्या मुळाकडे पुन:पुन्हा वळतात, कारण त्यांचा संस्थापक त्यांच्या बाहेर उभा नसतो.

फूको यांनी घेतलेली ही उदाहरणे दिवंगतांची आहेत. मृत संस्थापकाशी समुदायाचे नाते वाचनाचे असते. त्याच्या शब्दांचा अर्थ लावता येतो आणि त्याच्याकडून आक्षेप येत नाही. गेल्या तीन दशकांत आंतरजालाच्या आधाराने उभ्या राहिलेल्या समुदायांत ही सोय नाही. हजारो माणसे एकत्र येऊन संगणकाची भाषा घडवतात, कार्यप्रणाली बांधतात, विश्वकोश लिहितात. त्यांतील बहुतेकांना त्याबद्दल वेतन मिळत नाही आणि त्यांना बांधून ठेवणारा कोणताही करार नसतो. संस्थापक मात्र जिवंत असतो. इतरांनी लिहिलेले तो वाचतो, त्यावर मत देतो, प्रसंगी ते पुसूनही टाकतो. येथे लेखकाच्या मृत्यूचा सिद्धांत फारसा उपयोगी पडत नाही, कारण लेखक शेजारच्याच आसनावर बसलेला असतो. त्यामुळे अर्थनिर्णयनाचा प्रश्न नैतिक प्रश्न होतो. ज्याने जागा निर्माण केली त्याचे त्या जागेत नंतर आलेल्यांनी काय देणे लागते? आणि त्याने त्यांच्याकडून काय मागावे?

२

या प्रश्नाची चर्चा बहुधा लोकशाही विरुद्ध हुकूमशाही अशा चौकटीत केली जाते. त्यापूर्वी 'अधिकार' या शब्दाकडे पाहणे आवश्यक आहे. 'या विषयात त्यांचा अधिकार मोठा आहे' असे आपण म्हणतो तेव्हा ज्ञान, व्यासंग, पात्रता अभिप्रेत असते. 'दंड करण्याचा अधिकार त्यांना आहे' असे म्हणतो तेव्हा सत्ता अभिप्रेत असते. पहिला अधिकार ऐकणाऱ्याच्या मान्यतेवर उभा असतो आणि ती मान्यता कधीही काढून घेता येते. दुसरा अधिकार मान्यता नसतानाही चालतो. पूर्वमीमांसेत या शब्दाला आणखी एक छटा आहे. तेथे अधिकार म्हणजे कर्म करण्याच्या पात्रतेबरोबरच त्या कर्माच्या फळावरील स्वामित्व. संस्थापकाच्या बाबतीत पात्रता, सत्ता आणि फळावरील स्वामित्व या तिन्ही गोष्टी एका शब्दात आणि एका व्यक्तीत इतक्या सहज मिसळतात की त्यांतील सांधे दिसेनासे होतात. आरंभी ज्याला सर्वांत जास्त कळत होते त्याचे ऐकले गेले. पुढे त्याचे ऐकावयाचे, कारण तो तो आहे. हे स्थित्यंतर कोणत्या दिवशी घडले हे कोणालाही सांगता येत नाही.

पायथन या संगणकीय भाषेच्या समुदायाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. गिदो व्हान रॉसम यांनी अॅमस्टरडॅममधील गणित व संगणकविज्ञानाच्या राष्ट्रीय संशोधनसंस्थेत असताना १९८९ च्या अखेरीस या भाषेवर काम सुरू केले आणि १९९१ मध्ये ती प्रसिद्ध केली. १९९५ मध्ये सहकाऱ्यांनी त्यांना एक बिरुद दिले. त्याचा मराठी आशय 'तहहयात परोपकारी हुकूमशहा' असा होईल. बिरुद विनोदी होते, आणि त्याचे कार्य समजून घ्यावयाचे तर त्यातील विनोद गांभीर्याने घेतला पाहिजे. ज्याला थट्टेने हुकूमशहा म्हटले जाते त्याच्यावर हुकूमशाहीचा आरोप करणे अवघड होते. आरोप करणाऱ्यालाच विनोद कळला नाही असे ठरते. उपरोधाच्या आड सत्ता राहते, पण तिचे समर्थन करण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. भाषेत कोणता बदल व्हावा याचा अंतिम निर्णय दोन दशकांहून अधिक काळ एकाच व्यक्तीकडे होता, आणि बहुतेकांना त्यात काही वावगे वाटत नव्हते. निर्णय पुष्कळदा चांगले होते, हेही त्याचे एक कारण आहे.

२०१८ मध्ये एका प्रस्तावावरून ही व्यवस्था मोडली. अपूर्णविराम आणि बरोबरीचे चिन्ह जोडून होणारे एक नवे चिन्ह भाषेत यावे, त्यायोगे राशीच्या मध्येच चलाला मूल्य देता यावे, एवढाच त्याचा विषय होता. वाद मात्र तीव्र आणि कडवट झाला. प्रस्ताव मान्य केल्यावर लगेचच, जुलै २०१८ मध्ये, व्हान रॉसम यांनी पद सोडत असल्याचे सहकाऱ्यांना कळवले. एका प्रस्तावासाठी इतके झगडावे आणि आपल्या निर्णयाविषयी इतक्यांच्या मनात तिरस्कार असल्याचे आढळावे, हे पुन्हा नको, असा त्या पत्राचा सूर होता. त्यांनी वारस नेमला नाही. पुढे अराजक, लोकशाही, हुकूमशाही की संघराज्य, ते तुम्हीच ठरवा, असे त्यांनी सुचवले.

प्रस्ताव मान्य झालेला होता, म्हणजे सत्ता म्हणून अधिकार शाबूत होता. त्या सत्तेमागची मान्यता आटत चालली आहे, हे संस्थापकाला इतरांच्या आधी जाणवले. मॅक्स वेबर यांनी दिव्यवलयी नेतृत्वाचे पुढे नियमबद्ध व्यवस्थेत रूपांतर कसे होते याचे विवेचन केले आहे. त्यात नेत्याच्या मृत्यूने किंवा अंतर्धानाने निर्माण होणाऱ्या वारसाच्या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. येथे नेता स्वतःच्या हयातीत तो प्रश्न निर्माण करतो आणि त्याचे उत्तर देण्याचे नाकारतो. हे नाकारणे जबाबदारी टाळणे आहे की समुदायाचा सन्मान आहे, याचा निर्णय त्या एका कृतीवरून होत नाही. पुढे काय घडते यावरून तो करावा लागतो.

३

संस्थापकाने दूर झाले की समुदाय मोकळा होतो, ही समजूत इतिहासाला धरून नाही. प्लुटार्कने सांगितलेली लायकर्गसची कथा याच्या नेमकी उलट आहे. स्पार्टाचे कायदे घालून दिल्यावर लायकर्गस डेल्फीला निघाला आणि आपण परत येईपर्यंत कायद्यांत बदल करणार नाही, अशी शपथ त्याने नागरिकांना घातली. तो परत आलाच नाही. अन्नत्याग करून त्याने देह ठेवला. परतणाऱ्याशी वाद घालता आला असता, न परतणाऱ्याची शपथ मोडता येईना. येथे निर्गमन हा सत्तेचा त्याग नसून तिला अमर करण्याचा मार्ग आहे.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला याहून जवळचे आणि अधिक सूक्ष्म उदाहरण आठवेल. श्रीचक्रधरांनी उत्तरापंथे गमन केल्यावर महानुभाव अनुयायांपुढे जो प्रश्न उभा राहिला त्याचे उत्तर त्यांनी संहितेत शोधले. म्हाइंभटांनी प्रत्यक्ष सहवास लाभलेल्यांकडून आठवणी गोळा केल्या, नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली त्या पारखल्या गेल्या, आणि इ. स. १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' आकाराला आले. संस्थापकाची उक्ती कोणी, कोठे आणि कोणत्या प्रसंगी ऐकली, याची काटेकोर नोंद ही त्या ग्रंथाची वाङ्मयीन थोरवी आहेच. अधिकाराचे स्थान व्यक्तीकडून स्मरणाकडे आणि स्मरणाची पारख करणाऱ्यांकडे कसे सरकते, याचाही तो दस्तऐवज आहे. पंथाचे प्रयोजन पारमार्थिक आणि आंतरजालीय समुदायांचे व्यावहारिक, हा भेद मूलभूत आहे. तथापि अनुपस्थित संस्थापकाचा अधिकार नाहीसा होत नाही, तो स्थलांतर करतो, हे दोन्हीकडे सारखेच खरे आहे.

तो कोठे स्थलांतर करतो, हा मग कळीचा प्रश्न होतो. जो फ्रीमन यांनी सत्तरच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील स्त्रीमुक्ती गटांच्या अनुभवावरून लिहिलेल्या निबंधात दाखवून दिले आहे की, ज्या गटात औपचारिक रचना नाही त्यात रचनाच नसते असे नाही. तेथे मैत्री, ओळखी आणि आतल्या गोष्टींची माहिती यांची अदृश्य रचना असते. ती दिसत नसल्यामुळे तिला जाब विचारता येत नाही. संस्थापक वारस न नेमता गेला, तर मोकळी झालेली जागा ज्यांना त्याचे सान्निध्य सर्वाधिक लाभले त्यांनीच व्यापावी, ही शक्यता मोठी असते.

पायथनच्या समुदायाने ती टाळली, हे त्याच्या इतिहासातील महत्त्वाचे प्रकरण आहे. पुढील काही महिने शासनव्यवस्थेचे वेगवेगळे आराखडे लिहून मांडले गेले. त्यांत नव्या एकाच प्रमुखाची निवड करण्याचा पर्यायही होता. डिसेंबर २०१८ मध्ये मतदानाने पाच सदस्यांच्या सुकाणू मंडळाची रचना स्वीकारली गेली. मंडळाची मुदत भाषेच्या पुढील मोठ्या आवृत्तीपर्यंत. एकाच नियोक्त्याकडे काम करणारे दोनपेक्षा अधिक सदस्य मंडळात नसावेत. दोनतृतीयांश मतांनी मंडळावर अविश्वास व्यक्त करता यावा. आणि मंडळाने आपला अधिकार शक्य तितका कमी वापरावा, अशा त्यातील तरतुदी आहेत. २०१९ च्या आरंभी निवडल्या गेलेल्या पहिल्या मंडळात स्वतः व्हान रॉसमही होते. पुढच्या निवडणुकीतून त्यांनी आपले नाव मागे घेतले.

या साऱ्यात नाट्यमय क्षण राजीनाम्याचा आहे, परंतु नैतिकदृष्ट्या निर्णायक क्षण त्यानंतरचा आहे. भाषेचा जनक पाच मतांपैकी एका मताचा धनी होऊन बसतो आणि त्याला तेथे बसवणारा नियम त्याने घातलेला नसतो. लायकर्गस गेला आणि त्याचे कायदे राहिले; येथे कायदा दुसऱ्यांचा आहे आणि संस्थापक त्याच्याखाली राहिला आहे. त्याच्या ज्ञानाचा अधिकार कोणी काढून घेतला नाही. तो बोलला तर लोक कान देतातच. सत्तेचा अधिकार तेवढा वेगळा काढून नियमाच्या स्वाधीन केला गेला. संस्थापकाने अधिकार सोडला की नाही याची कसोटी त्याच्या जाण्यात नाही. तो उपस्थित असताना समुदाय त्यालाही बांधणारा नियम लिहू शकतो की नाही, यात ती आहे.

४

विकिपीडियाच्या इतिहासात हीच कसोटी संहितेच्या पातळीवर लागलेली दिसते. हा विश्वकोश १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. जिमी वेल्स यांच्या कंपनीने न्यूपीडिया या तज्ज्ञलिखित कोशासाठी लॅरी सॅन्गर यांना संपादक म्हणून नेमले होते. कोणालाही लिहिता येईल असा जोडकोश काढावा, ही सूचना सॅन्गर यांनी मांडली आणि नावही त्यांनीच दिले. २००२ मध्ये ते प्रकल्पातून बाहेर पडले. संस्थापक एक की दोन, हा वाद तेव्हापासून धुमसत राहिला. २००५ मध्ये असे उघडकीस आले की वेल्स यांनी विश्वकोशातील आपल्याच चरित्रलेखात फेरफार केले होते आणि सॅन्गर यांचा सहसंस्थापक म्हणून असलेला उल्लेख काढला होता. टीका झाल्यावर त्यांनी खेद व्यक्त केला.

साहित्याच्या अभ्यासकाने या प्रसंगाकडे दुर्लक्ष करू नये. आत्मचरित्रात लेखकाला आपली कथा आपल्या परीने सांगण्याची मुभा असते. सत्याशी करार करूनही निवेदनाची सूत्रे त्याच्या हाती राहतात. येथे संस्थापकाने अशी जागा निर्माण केली की जिथे स्वतःविषयी लिहिण्यास तोच सर्वांत कमी पात्र ठरतो. इतरांना लागू असलेला संकेत त्यालाही लागू झाला, आणि तो मोडल्याचे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या त्याच्याच यंत्रणेने उघड केले. संहितेच्या कर्त्याला तिच्यातील एक पात्र व्हावे लागले, आणि पात्राला आपले संवाद लिहिण्याचा अधिकार नसतो.

मे २०१० मधील प्रसंग अधिक गंभीर होता. विकिमीडियाच्या सामायिक चित्रसंग्रहात अश्लील सामग्री असल्याच्या आरोपावरून गदारोळ उठला असता वेल्स यांनी चर्चेची वाट न पाहता अनेक चित्रे काढून टाकली. त्यांत जुन्या कलाकृतींच्या प्रतिमाही होत्या. कार्यकर्त्यांचा आक्षेप चित्रांच्या गुणदोषांपुरता नव्हता. प्रतिष्ठा वाचवण्याचा हेतू मान्य असणारेही पद्धतीवर रागावले होते. अखेर वेल्स यांनी संस्थापक म्हणून असलेले काढण्याचे आणि रोखण्याचे तांत्रिक अधिकार स्वतःहून सोडले. याआधीच, २००४ पासून, तंटे मिटवण्याचे काम त्यांनी एका लवाद समितीकडे दिले होते. सत्ता टप्प्याटप्प्याने निसटत गेली किंवा दिली गेली. या दोन क्रियापदांपैकी कोणते योग्य, हे प्रत्येक टप्प्याला वेगळे ठरते. चांगल्या हेतूने केलेली एकतर्फी कृती दुखावते, कारण तिच्यामुळे आजवरची सहमती एका माणसाच्या मर्जीवर चालू होती असे इतरांना दिसते. ज्यांनी ते घर आपले मानले होते, त्यांना आपण भाडेकरू असल्याचे कळते.

या सर्व समुदायांत संस्थापकाच्या सत्तेला एक मर्यादा मुळातच असते. निर्मिती मुक्त परवान्याखाली असल्यामुळे असंतुष्टांना सारे साहित्य घेऊन वेगळी चूल मांडता येते. फेब्रुवारी २००२ मध्ये, विकिपीडियावर जाहिराती येण्याच्या शक्यतेने अस्वस्थ झालेल्या स्पॅनिश लेखकांनी नेमके हेच केले आणि सेव्हिल विद्यापीठाच्या आश्रयाने स्वतंत्र विश्वकोश सुरू केला. फळावरील स्वामित्व, म्हणजे अधिकाराची मीमांसकांनी सांगितलेली छटा, येथे संस्थापकापुरती उरत नाही. पण या मर्यादेचे गोडवे गाताना हातचे राखले पाहिजे. वेगळे होण्यास वेळ, कौशल्य आणि सोबती लागतात; नाव आणि वाचक तर मूळ घरीच राहतात. निघून जाण्याच्या हक्काने आत राहून बोलण्याच्या हक्काची जागा घेता येत नाही.

५

संस्थापकाच्या बाजूने एक सबळ आक्षेप शिल्लक राहतो. बहुमत, समित्या आणि नियमावल्या यांनी मूळ प्रयोजन जपले जाईलच, याची खात्री नाही. रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ मध्ये राजकीय पक्षांच्या अभ्यासातून दाखवले होते की लोकशाहीवादी संघटनाही थोड्यांच्या हाती जातात. संस्थापक निदान दिसतो. त्याला नाव असते, त्याच्यावर रागावता येते. नियमांच्या जाळ्यात लपलेल्या अल्पसत्तेवर कोणी रागवावे? शिवाय कधीकधी बहुमताच्या लाटेविरुद्ध मूळ ध्येयाचे रक्षण एकटा संस्थापकच करू शकतो.

या आक्षेपातील तथ्य मराठी विकिपीडियाच्या शब्दसंग्रहातही उमटलेले दिसेल. २००३ मध्ये सुरू झालेल्या या कोशात सार्वत्रिक चर्चेच्या जागेला 'चावडी' म्हणतात आणि व्यवस्थापनाची साधने हाती असलेल्या सदस्याला 'प्रचालक'. शब्द समर्पक वाटतात, पण चावडी म्हणजे पार नव्हे. पारावर कोणीही टेकावे. चावडीवर पाटील-कुलकर्णी बसत, वसुली होई, रयतेला बोलावणे येई. ज्या समुदायापुढे स्वतःचा संस्थापक प्रत्यक्ष उभा नाही, ज्याच्याकडे मूलभूत धोरणे दुसऱ्या भाषेतून आली, तेथेही अधिकार असतोच. नियम ठाऊक असणे आणि त्यांवर खर्च करण्यास वेळ असणे यांतून तो निर्माण होतो. नवख्याला हा अधिकार संस्थापकाच्या हुकमाइतकाच परका वाटू शकतो. संस्थापक नसणे म्हणजे समता असणे नव्हे.

तरीही आक्षेपातून निघणारा निष्कर्ष, म्हणजे संस्थापकाची सत्ता टिकवावी हा, स्वीकारता येत नाही. प्रयोजनाचे रक्षण व्यक्तीवाचून होत नसेल, तर ते प्रयोजन समुदायाचे झालेलेच नाही. डेबियन या कार्यप्रणालीचा समुदाय येथे पाहण्यासारखा आहे. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये त्याची स्थापना केली. तत्कालीन सहचारिणीचे आणि स्वतःचे नाव जोडून त्यांनी प्रकल्पाचे नाव घडवले. १९९६ मध्ये त्यांनी नेतृत्व सोडले. १९९७ मध्ये समुदायाने वापरकर्त्यांशी असलेली आपली बांधिलकी सामाजिक कराराच्या रूपाने लिहून काढली आणि १९९८ मध्ये घटना संमत केली. तिच्यात दरवर्षी निवडला जाणारा नेता आहे, तांत्रिक समिती आहे, नेत्याचा निर्णय सर्वसाधारण ठरावाने फिरवण्याची तरतूद आहे. संस्थापक नावाचे पद नाही. मर्डॉक यांचे २०१५ मध्ये निधन झाले. प्रकल्पाच्या नावात ते आजही आहेत, निर्णयात नाहीत. संस्थापकाच्या मनातील प्रयोजन कारणांसह लिहिले गेले, की त्या कारणांच्या आधारे कोणालाही वाद घालता येतो. संस्थापकाशीही, आणि नियमांच्या आड लपणाऱ्यांशीही.

६

मग संस्थापकाचे देणे फिटते कसे? समुदायाच्या मनात खरी अडचण ही असते. सत्तेला विरोध करणे सोपे असते. ज्याच्यामुळे आपण येथे आहोत त्याला विरोध करणे कृतघ्नपणाचे वाटते. ज्ञानाचा अधिकार सत्तेच्या अधिकारात मिसळतो तो बहुधा कृतज्ञतेच्याच वाटेने. संस्थापक ऋणाची आठवण करून देत नाही तेव्हाही इतर ती करून देतात, आणि मतभेद हा विश्वासघात ठरू लागतो.

ऋणाची एक वेगळी कल्पना भारतीय परंपरेत उपलब्ध आहे. ऋषिऋण फेडावयाचे ते ऋषींची आज्ञा पाळून नव्हे, तर स्वाध्यायाने. घेतलेले ज्ञान अभ्यासाने जिवंत ठेवून पुढे द्यावयाचे असते. ज्याच्याकडून घेतले त्याला ते परत करता येत नाही. त्या परंपरेनेच या स्वाध्यायाचा अधिकार मोजक्यांपुरता राखला होता, हे विसरून ती कल्पना उचलता येणार नाही. ती घ्यावयाची तर सर्वांसाठी घ्यावी लागेल. तशी घेतली, तर संस्थापकाचे ऋण मान्य करूनही त्याच्या मताविरुद्ध मत देता येते, कारण फेड त्याच्या इच्छेची करावयाची नसून त्याने आरंभलेल्या कामाची करावयाची असते. हाच बोध संस्थापकालाही लागू आहे. आपण उघडलेल्या दारातून आलेल्यांनी आपल्यासाठी जागा राखून ठेवावी, अशी अपेक्षा त्याने सोडावी आणि त्यांच्यात येऊन बसावे. पाच मतांपैकी एक मत देणाऱ्या भाषाकर्त्याने ते करून दाखवले. त्याच्या मताला त्या दिवशी इतरांच्या मताइतकेच वजन होते, आणि तरीही इतरांनी ते लक्ष देऊन ऐकले असेल, तर समुदायाने अधिकाराच्या दोन अर्थांतील भेद ओळखला होता असे म्हणता येईल.